आधी दोन घास

"जेवले का?" यात भिण्यासारखं काय आहे? आपल्याकडे दारात आलेल्या परक्या माणसालाही आधी हेच विचारतात. पण वर्ध्याच्या त्या दवाखान्यात, बायांच्या वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात, आनंदासिस्टरनं हे विचारलं की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. कोणी हातातली बिडी टाकून द्यायचं, कोणी भिंतीला हात लावून उभं राहायचं. बिचाऱ्या बाईला साधं बोलायचीही चोरी झाली होती. तिनं असं काय केलं होतं, हे सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

आनंदा ही वर्ध्याजवळच्या मोठ्या आंजी गावच्या नानाजी भोयरांची सून. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा तिचा नवरा महादेवराव तापानं आजारी पडला. बैलबंडीत घालून त्याला याच दवाखान्यात आणलं. दोन दिवस ती व्हरांड्यात बसून होती, सातवा महिना लागलेला, पोटात अन्नाचा कण नाही. मग एक डॉक्टर बाहेर आला आणि चालता चालता म्हणाला, "गेले ते. गाडीचं बघा." एवढं बोलून तो पुढच्या वॉर्डात गेला. त्यालाही बिचाऱ्याला पुढं दहा कामं असतील, पण माणसाला असं सांगतात का?

बंडी आंजीला पोचली तेव्हा सकाळ झाली होती. महादेवरावचा मोठा भाऊ तळेगावला, तो आल्याशिवाय उचलायचं नाही असं ठरलं. घरात मयत असलं की चूल पेटत नाही. सगळं झाल्यावर सोयरे कडू घास घेऊन येतात, तोवर घरातलं कोणी तोंडात काही घालत नाही. दुपार कलली आणि आनंदा बसल्या जागी कोसळली. बाया म्हणाल्या, दुःखानं झालं. नानाजी मात्र उठले. स्वतःचा पोरगा अंगणात निजवलेला, तरी तो म्हातारा शेजारच्या घरी गेला, भाकर आणि दूध मागून आणलं, सुनेला हाताला धरून गोठ्यात नेलं आणि तिच्यासमोर बसला.

"खाय," ते म्हणाले.

"नानाजी, ते तिकडं अंगणात..."

"तो गेला. तुह्या पोटात हाय ते जित्तं हाय. त्यानं काय गुन्हा केला? खाय."

ती जेवली. गावानं पुढं वर्षभर तेच तोंडी लावलं, की नवरा अंगणात आणि बायको गोठ्यात भाकर मोडून राहिली होती. लोकांचं काय जातं बोलायला!  नलू जन्मली, अंगावरचं दूध सुटलं, आणि नानाजींनी सुनेला उचलून नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं. विधवा सून शहरात परक्या पुरुषांचे बिछाने उचलणार म्हणून भाऊबंद महिनाभर घरी आले नाहीत. म्हातारा म्हणाला, बरं झालं, चहा वाचला.

तर अशी आनंदा सिस्टर झाली आणि फिरून त्याच दवाखान्यात, त्याच व्हरांड्यापाशी कामाला लागली. सत्तर साल उजाडलं तेव्हा ती बायांच्या वॉर्डात पक्की झाली होती. मरण बघायची सवय होते असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा त्या वॉर्डात आठवडा काढून बघावा. सवय होत नाही, माणूस आपापला आडोसा शोधतो. एक सिस्टर दिवसभर सगळ्यांवर खेकसायची, तोच तिचा आडोसा. दुसरी कोणी गेलं की कपाटातल्या चादरी काढून घडी मोडायची आणि फिरून घालायची. आया अनुसयाबाई फरशी पुसता पुसता देवाला शिव्या घालायची, त्याही अशा की देवानं कानावर हात ठेवावेत. आनंदाचा आडोसा म्हणजे एक पितळी डबा.

त्यात ज्वारीच्या भाकरी असत आणि कोरडं बेसन, म्हणजे झुणका. पीठ नानाजी आंजीहून पाठवायचे. वॉर्डात कोणी गेलं की खबर सांगायचं काम फिरून फिरून आनंदाच्याच पदरात यायचं, कारण दुसऱ्या कोणाला ते नको असे. ती डबा घेऊन बाहेर जायची. संगतीच्या माणसाजवळ खाली बसायची आणि म्हणायची, "जेवले का? नाई ना? मंग आधी दोन घास खाऊन घ्या." अनुसयाबाई पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. माणूस खाऊन, पाणी पिऊन झाला, की मग आनंदा त्याचा हात हातात घ्यायची आणि सांगायची.

तिचा हिशेब सरळ होता. आत जे गेलं त्याच्यासाठी आता आपल्या हातात काही नाही. बाहेर बसलंय ते जितं आहे, आणि त्याला अजून बंडीत दिवसभर हाडं खिळखिळी करून घ्यायची आहेत. घरी गेल्यावर चूल बंद, रडणं, लाकडं, खांदा. रिकाम्या पोटी कसं निभणार? म्हणून आधी घास, मग खबर. आणि खरं सांगायचं तर तो डबा उघडला की तिलाही जरा धीर यायचा.

हे बरीच वर्षं चाललं. कोणी पाया पडून गेलं, कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मग चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गिरडकडची सुमित्राबाई आली.

तिच्या सहा-सात वर्षांच्या पोरीला घटसर्प झाला होता. गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात जाऊन, गंडा बांधून, मग दवाखान्यात आणलेली, म्हणजे उशीर झालेलाच. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीचा श्वास थांबला. आनंदा डबा घेऊन बाहेर आली. सुमित्राबाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "पोरगी कशी हाय वो बाई?"

आणि आनंदाच्या तोंडून निघून गेलं, "झोपली. बरं वाटून राह्यलं तिले."

का बोलली ती असं? बाई दोन दिवसांची उपाशी होती, खरं सांगितलं असतं तर तिनं घास घेतलाच नसता. पण सुमित्राबाई नुसती जेवली नाही, ती खुशीत जेवली. किती दिवसांनी तिच्या जिभेला चव आली होती. ती हसली, अनुसयाबाईला म्हणाली, तुमच्या सिस्टरबाईच्या हातचं बेसन झकास हाय. अर्धी भाकर राहिली ती तिनं पदराच्या गाठीत बांधली, पोरगी उठल्यावर मागेल म्हणून. अनुसयाबाई तांब्या तिथंच टाकून आत निघून गेली.

मग सांगावं लागलं. सुमित्राबाई रडली नाही. तिनं घशात बोट घातलं आणि खाल्लेलं सगळं व्हरांड्याखाली ओकून टाकलं. तोंड पुसून ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमी मले हसवलं, बाई. माही पोरगी मेली होती आन् मी हसून राह्यली होती. हे मी आता कुठं नेऊन ठेवू?"

 बंडी निघाली तेव्हा पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईच्या पदराला गाठ तशीच होती. ती गाठ आनंदाला पुढं किती वर्षं दिसत राहिली. भाकर थापताना दिसायची, नलूच्या वेणीला रिबन बांधताना दिसायची.

तिनं कानाला खडा लावला. डबा घरी ठेवला आणि खबर सरळ, जशी असेल तशी सांगायला लागली. मग एकदा तानबा नावाच्या म्हाताऱ्याची बायको गेली. तानबानं ऐकलं, मान हलवली, पाण्याला नको म्हणाला आणि बंडीत बसला. दुसऱ्या दिवशी त्याच बंडीवाल्यानं त्याला पुरुषांच्या वॉर्डात आणून टाकलं. उपाशीपोटी, उन्हात, बायकोला अग्नी देऊन म्हातारा तिथंच पडला होता. जीव वाचला, पण एक अंग गेलं.

अनुसयाबाई फरशी पुसता पुसता म्हणाली, "उपाशी सांगा का जेवू घालून सांगा बाई, मेलेलं काई उठत नाई. पण जित्तं पडते."

डबा परत आला. या वेळी आनंदानं एक मात्र मनाशी पक्कं केलं, की खोटं बोलायचं नाही. कोणी विचारलं, "कशी हाय?" तर ती उत्तर देत नसे. फक्त म्हणायची, "आधी दोन घास." साहजिकच लोकांना कळायला लागलं. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात, एका गावातून दुसऱ्या गावात बोलणं पसरलं, की ती सिस्टर जेवायला म्हणाली म्हणजे संपलं. कोणी रडत रडत खायचं, कोणी डबा भिरकावून द्यायचं. भिरकावलेला डबा ती उचलायची, पुसायची आणि परत घेऊन बसायची. चेपून चेपून त्याचं झाकणही नीट लागेना.

घरी क्वार्टरमध्ये नलू वाढत होती. गोरीपान, सडसडीत, आणि जिभेला धार. आईची गंमत तिच्या बरोबर ध्यानात आली होती.

"आई, साऱ्या जगाच्या आया पोरीले इचारतात, जेवली का म्हणून. तू मले कधीच काऊन इचारत नाईस?"

"ताट वाढलं हाय. बस," आनंदा म्हणायची.

"पाह्य ना, आताही नाई म्हटलं!" नलू हसत सुटायची. आनंदा हसत नसे. पोरीला तो प्रश्न विचारायची तिची हिंमतच नव्हती. शिकलेली बाई, पण या एका बाबतीत भितरी ती भितरीच.

अकराव्या-बाराव्या वर्षी नलूचे गुडघे दुखायला लागले. आज हा, उद्या तो. आनंदा वॉर्डातून थकून यायची, तिळाचं तेल कोमट करून चोळायची आणि म्हणायची, वाढीचं दुखणं आहे, जाईल. ते दुखणं खरंच गेलं. पण जाता जाता काळजाची झडप खराब करून गेलं. पुढं जिना चढताना पोरीला धाप लागली, तेव्हा डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि आनंदाकडे बघितलं. रोज दुसऱ्यांच्या पोरी तपासायला नेणारी बाई, आपल्या पोरीच्या गुडघ्याला तेल चोळत बसली होती. हे तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

त्यानंतर दर महिन्याला पेनिसिलीनचं इंजेक्शन, आईच्याच हातानं. मोठं दुखरं इंजेक्शन ते. नलू उशीत तोंड खुपसून म्हणायची, "तुह्या हातानं दुखत नाई." खोटारडी कुठली! आईला बरं वाटावं म्हणून पोरगी खोटं बोलते हे आनंदाला कळायचं, आणि तेव्हा तिला सुमित्राबाई आठवायची. डी.एड. झालं, शाळेत नोकरी लागली, मुंबईला ऑपरेशनची तारीखही मिळाली, चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतरची. दिवाळीपर्यंत पोरगी धडधाकट राहिली पाहिजे, एवढंच आनंदाचं मागणं उरलं होतं. पहाटे उठून ती आधी नलूच्या श्वासाचा आवाज ऐकायची आणि मग चूल पेटवायची.

पोळ्याला नलू आंजीला गेली. नानाजींचे बैल तिच्याशिवाय सजत नसत. आनंदा नको म्हणत होती, पण म्हाताऱ्याचं आता वय झालेलं, पोरीचं मन कसं मोडायचं? दुसऱ्या दिवशीचा, पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा करून नलू परत आली ती बसमधून उतरतानाच ओठ निळे पडलेले. छातीत पाणी भरलं होतं. निजता येईना, उशांना टेकून बसूनच श्वास चाललेला. आनंदाच्याच वॉर्डात तिला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीचं जास्त झालं. मोठ्या सिस्टरनं आनंदाच्या हातातला ट्रे काढून घेतला. "आज तू इथली सिस्टर नाहीस, आनंदा. बाहेर बस," ती म्हणाली. तिचा आवाज कडक होता, पण डोळे भरले होते.

म्हणून आनंदा व्हरांड्यात येऊन बसली. महादेवराव गेला त्या दिवसानंतर पहिल्यांदा ती दाराच्या या बाजूला होती. अनुसयाबाईनं चहा आणला, तिनं घेतला नाही. शेजारच्या बाईनं केळं पुढं केलं, तिनं तोंड फिरवलं. तिच्या मनानं एक वेडगळ गोष्ट धरून ठेवली होती, की जोवर कोणी आपल्याला जेव म्हणत नाही, तोवर नलू आहे. एवढी वर्षं वॉर्डात काढलेली बाई, पण त्या बाकावर बसलं की सगळी माणसं सारखीच अडाणी होतात.

पण कानाचं काय करायचं? कान सिस्टरचे होते. ट्रॉली धावताना ऐकली, ऑक्सिजनची नळकांडी ओढल्याचा आवाज ऐकला, डॉक्टरांची भराभर बोलणी ऐकली. मग सगळं शांत झालं. ती शांतता कसली असते हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

आत सगळे उभे होते आणि एकमेकांकडे बघत होते. बाहेर जाऊन सांगायचं कोणी? आजवर ते काम एकाच माणसानं केलं होतं आणि ते माणूस बाहेर बाकावर बसलं होतं. डॉक्टर दारापर्यंत आला आणि परत फिरला. मोठी सिस्टर चष्मा पुसत राहिली. शेवटी अनुसयाबाई आली. तिच्या हातात तो चेपलेला डबा होता.

ती आनंदाच्या पायाशी बसली. डबा बाजूला ठेवला. म्हणाली, नळाले आज पाणीच नाई आलं. म्हणाली, ऊन काय पडून राह्यलं बाई. 

"अनुसया," आनंदा म्हणाली, "तू म्हण ना."

"काय म्हणू, बाई?"

"तुले मालूम हाय काय म्हणाचं ते."

अनुसयाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मान हलवली. "मले नाई जमत वो माय."

आनंदानं डबा स्वतःच ओढून घेतला. झाकण निघेना, ते बाकावर आपटून काढलं. काल तिनंच थापलेली भाकर, तिनंच केलेलं बेसन. पहिला घास तिनं तोंडात घातला आणि तो तोंडातच राहिला. खाली उतरेना, बाहेर टाकवेना. सुमित्राबाईनं बोट का घातलं घशात, हे तिला आज कळलं. एवढी वर्षं तिला वाटत होतं की आपण लोकांना बळ देतो. बळ तर दिलंच, पण ते जेवत होते तेवढा वेळ आपल्याला सांगावं लागत नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. डबा उचलून दगडावर फोडावा असं तिला वाटलं.

मग तिला नानाजी आठवले. आंजीच्या अंगणात एकटा म्हातारा, नातीचा निरोप यायची वाट बघत असेल. त्याला हे कोण सांगणार? हातपाय गाळून चालणार नव्हतं. तिनं घास गिळला. दुसरा घेतला. डोळ्यांतलं पाणी बेसनात पडत होतं आणि ती जेवत होती, अख्खी भाकर संपेपर्यंत. अनुसयाबाईनं पाणी दिलं, तेही ती प्यायली. मग उठून आत पोरीजवळ गेली.

दवाखान्याच्या गाडीतून नलूला आंजीला नेलं. गाव आलं तेव्हा आनंदानं गाडी मारुतीच्या पाराजवळ थांबवली. अनुसयाबाईला म्हणाली, "तू तिच्याजवळ बस. मी पुढं गेली म्हणून सांग कोणी इचारलं तर."  

नानाजी अंगणात बैलाजवळ उभे होते. पोळ्याला नलूनं शिंगांना चिकटवलेली बेगड ते नखानं काढत होते.

"आली का तू? नलू कशी हाय?" त्यांनी विचारलं.

 आनंदा चपला काढून सरळ आत गेली. टोपलीखाली दुपारची भाकर झाकलेली होती. ती तिनं ताटात घेतली, तेल-तिखट घातलं, पाण्याचा तांब्या भरला आणि ओट्यावर आणून ठेवलं.

"नानाजी, जेवून घ्या."

म्हाताऱ्याचा हात शिंगावरच राहिला. त्यानं ताटाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मग दाराबाहेर रस्त्याकडे. नलूचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

"तू जेवली?" त्यानं विचारलं.

"हो. जेवली."

बैलानं मान हलवली आणि गळ्यातली घंटा वाजली. नानाजी भिंतीला धरून ओट्यावर बसले. आनंदानं ताट उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"अजून एक भाकर आण," ते म्हणाले. "मले खांदा द्यावा लागन."

तिनं भाकर आणली आणि समोर बसून राहिली. पाराकडून माणसं यायला लागली होती, पण घास संपेपर्यंत तिनं कोणाला अंगणात येऊ दिलं नाही.